एका वाटेचे परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, शाळेचेसुद्धा वर्षातून एकदा होते. वाटेचे परीक्षण कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही. पण काही वाटा आता पुस्तकासारख्याच रचल्या जातात. कुठे थांबायचे, काय पाहायचे, कोणत्या फलकावर काय लिहायचे, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले असते. शिक्षक मुलांना घेऊन अशा वाटेवर जातात तेव्हा ती वाट हेच त्या दिवसाचे पाठ्यपुस्तक असते. मग पाठ्यपुस्तकाला आपण जे दोन प्रश्न विचारतो, ते वाटेलाही विचारायला हवेत. जे सांगितले आहे ते बरोबर आहे का? आणि सांगायचे काय राहून गेले?

आम्ही परीक्षणासाठी घेतलेली वाट इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात आहे. तिचे नाव मॉन्सल ट्रेल. कामानिमित्त शेफील्डला गेलो असता जून महिन्यातला एक मोकळा दिवस मिळाला, तेव्हा बसने बेकवेल या गावी जाऊन आम्ही ती चाललो. बेकवेलपासून वाय नदीच्या दरीतून बक्स्टन गावाच्या दिशेने ती सुमारे १३.७ किलोमीटर जाते. पूर्वी हा रेल्वेमार्ग होता. दरीतून गाड्या धावू लागल्या १८६३ साली, आणि मार्ग बंद झाला १९६८ साली. पुढे रूळ निघाले आणि १९८१ मध्ये चालणाऱ्यांसाठी वाट खुली झाली. मात्र वाटेवरचे मोठे बोगदे बंदच होते. चालणाऱ्याला तेथे खाली नदीकाठी उतरावे लागे. २०११ साली हे बोगदे दिवे लावून उघडले गेले, आणि आता चाकाच्या खुर्चीवरील माणूससुद्धा ही सारी दरी पाहू शकतो.

जे उत्तम जमले आहे

सुरुवात गुणांपासून करू. रेल्वेला चढ सोसत नाही. म्हणून इंजिनियरांनी डोंगर आला की बोगदा खणला, नदी आली की पूल बांधला. त्यामुळे ही वाट जवळजवळ सपाट आहे आणि ती दगडाच्या पोटातून जाते. भूगोलाच्या पुस्तकातला आडवा छेद येथे प्रत्यक्ष उभा असतो. कापलेल्या कड्यांत चुनखडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी हा भाग विषुववृत्ताजवळ होता आणि येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातील प्रवाळ, शिंपल्यासारखे ब्रॅकिओपॉड आणि क्रिनॉइड नावाचे फुलासारखे दिसणारे प्राणी मेले, त्यांचे सांगाडे तळाशी साचले आणि त्यांचा खडक झाला. हा खडक फिका राखाडी असल्यामुळे या प्रदेशाला 'व्हाइट पीक' म्हणतात.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला येथे आणखी एक गंमत दिसते. पांढुरक्या थरांच्या मधेच काही ठिकाणी काळपट खडकाचा पट्टा येतो. हा लाव्हापासून झालेला बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कातळाचा भाऊबंद. त्या समुद्राच्या तळाशी आणि काठाशी अधूनमधून ज्वालामुखीही जागे होत होते. फरक वयाचा आहे. आपला दख्खनचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा त्याच्या पाचपट म्हातारा.

वाट बनवणाऱ्यांनी उद्योगाच्या खुणा पाडून टाकल्या नाहीत, हाही मोठा गुण. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडताच पाच कमानींचा उंच पूल लागतो. आज या दरीच्या चित्रांत हाच पूल सर्वांत जास्त दिसतो आणि १९७० पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. पण तो बांधला गेला तेव्हा जॉन रस्किनसारखा मोठा कलासमीक्षक संतापला होता. बक्स्टनची माणसे बेकवेलला अर्ध्या तासात पोचावीत, एवढ्यासाठी एक दरी नासवली, असे त्याचे म्हणणे होते. आता लोक त्याच पुलावर उभे राहून दरीचे छायाचित्र घेतात. एवढ्यावरून रस्किन चुकला असे मुलांना सांगायचे का? आम्हांला तसे वाटत नाही. शंभर वर्षे उलटली की नासधूस आपोआप वारसा होते, असा नियम आपण मान्य केला, तर आज चालू असलेल्या कोणत्याही नासधुशीला फक्त थोडी वाट पाहावी लागेल. ही अडचण पुलापाशीच वर्गात मांडावी, इतकी ती जागा बोलकी आहे.

हवेत गेलेला भाग

आता उणिवांकडे. मिलर्स डेल या जुन्या स्थानकाच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या भट्ट्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या उभ्या राहिल्या. किल्ल्याच्या तटासारख्या त्यांच्या भिंती वाटेला लागूनच आहेत. वरच्या खाणीतून दगड आणायचा, दगड आणि कोळसा यांचे थर वरून भट्टीत टाकायचे आणि खालून तयार चुना काढून शेजारच्या रुळांवरील डब्यांत भरायचा, अशी ही सोय होती. चुना अनेक कामांना लागे : आम्लधर्मी माळरानांची जमीन सुधारायला, बांधकामाला, पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांना. १८९१ मध्ये या परिसरातील अनेक चुनाव्यावसायिक एकत्र येऊन बक्स्टन लाइम फर्म्स ही कंपनी झाली, आणि १९२६ नंतर हा व्यवसाय आय.सी.आय. या प्रचंड रासायनिक उद्योगाचा भाग बनला.

या भट्टीसमोर उभे राहिल्यावर प्रवासी काय पाहतो? भिंत पाहतो, तिच्यावर उगवलेली झाडे पाहतो, फलकावर भट्टी केव्हा बांधली आणि केव्हा विझली ते वाचतो. परंतु रसायनशास्त्राच्या शिक्षकाला येथे एक साधा हिशेब दिसायला हवा. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की त्याची फोड होते : एक भाग चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, आणि दुसरा भाग कार्बन डायऑक्साइड. रेणुभार मांडून पाहा. १०० किलो शुद्ध चुनखडकातून ५६ किलो चुनकळी मिळते आणि ४४ किलो वायू हवेत जातो. कोळशाचा धूर यात धरलेलाच नाही, तो वेगळा. म्हणजे जवळजवळ अर्धा डोंगर डब्यांत भरून गेला नाही, तो धुराड्याच्या वाटेने गेला.

वाट दाखवते ती भिंत आणि खाणीचा खड्डा. या ४४ किलोंना तिच्यावर जागाच नाही, कारण त्यांचे अवशेष उरले नाहीत. अवशेषांवर आधारलेल्या कोणत्याही प्रदर्शनाची ही मूळ मर्यादा आहे. जे घन होते ते राहिले, वायू होते ते गेले, आणि पाहणाऱ्याची समजूत अशी होते की झाले ते एवढेच.

हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर परतफेडही मांडायला हवी. चुनकळीत पाणी घातले की ती तापते, फुगते आणि चुना विरतो. तो गिलाव्यात गेला की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. भिंत 'धरते' ती त्यामुळेच. तेव्हा ४४ किलोंपैकी काही भाग परत येतो. पण पोलादाच्या भट्टीत मळी बनून गेलेला चुना असे काही फारसे परत करत नाही, आणि कोळशाचा वायू तर येतच नाही.

नदीकाठची मुले

भट्ट्यांच्या आधी, क्रेसब्रुक आणि लिटन या बोगद्यांच्या आसपास खाली नदीकाठी दोन जुन्या सूतगिरण्या दिसतात. सूतगिरणी इतक्या अडचणीच्या दरीत का बांधली, याचे उत्तर पुन्हा चुनखडकातच आहे. या खडकाच्या भेगांतून पाणी मुरते आणि झऱ्यांतून वर्षभर बाहेर येते. म्हणून वायसारख्या नदीला उन्हाळ्यातही पाणी टिकते आणि पाणचक्की फिरत राहते. वाफेचे इंजिन सर्रास होण्याआधी ही फार मोठी गोष्ट होती.

पाणी होते, पण माणसे नव्हती. ती उणीव मुलांनी भरून काढली. लिटनची गिरणी १७८२ सालची. दूरच्या शहरांतील अनाथालयांतून मुले 'उमेदवार' म्हणून अशा गिरण्यांत पाठवली जात. रॉबर्ट ब्लिंको हा त्यांपैकी एक. लंडनच्या सेंट पँक्रस येथील अनाथ मुलगा १७९९ मध्ये, सुमारे सात वर्षांचा असताना नॉटिंगहॅमजवळच्या एका गिरणीत आला आणि काही वर्षांनी लिटनला. त्याची हकीकत जॉन ब्राउन याने लिहून काढली, ती १८२८ मध्ये छापून आली. मारहाण, उपासमार, डुकरांच्या दोणीतले अन्न चोरणारी मुले, तापाच्या साथीत गेलेली मुले, असे त्यातले वर्णन आहे. काही अभ्यासकांना त्यात अतिशयोक्ती असावी असे वाटते. पण १८३३ मध्ये सरकारी चौकशीपुढे ब्लिंकोने स्वतः साक्ष दिली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कारखान्यांतील मुलांच्या कामाचे तास मर्यादित करणारा कायदा झाला.

आज या दोन्ही गिरण्यांत राहण्याची घरे आहेत. वाट त्यांच्यावरून उंचावरून जाते. खाली दाट झाडी, नदीचे वळण आणि मधे ती देखणी इमारत. गिरणी उंचावरून पाहिली की चित्र होते, खाली जाऊन पाहिली तर प्रश्न होते. २०११ मध्ये बोगदे उघडल्यामुळे वाट सोपी झाली, हे आम्ही वर गुण म्हणूनच नोंदवले. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की, ज्याला खाली उतरावे लागत होते त्याला आता उतरण्याचे कारण उरले नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाने येथे जाणीवपूर्वक वाट सोडावी अशी आमची सूचना आहे.

फुले कशामुळे?

मिलर्स डेलची खाण आज निसर्गराखीव आहे आणि तेथील ऑर्किडसाठी प्रसिद्ध आहे. अशा जागी 'निसर्गाने माणसाची जखम भरून काढली' असे म्हणण्याचा मोह होतो. ते वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याने काहीच कळत नाही. ऑर्किड तेथे आहेत, कारण खाणीने माती खरवडून नेली. उरलेल्या पातळ, कंगाल, चुनायुक्त थरात जोमदार गवत वाढत नाही. त्यामुळे गवताच्या गर्दीत जी फुलझाडे एरवी गुदमरली असती त्यांना जागा मिळते. बाहेरच्या कुरणांत खत पडते, गवत माजते आणि फुले हटतात. म्हणजे कारण आहे ते पोषणद्रव्यांच्या तुटवड्यात.

याहून चमत्कारिक उदाहरण शिशाचे. या दऱ्यांत शतकानुशतके शिशाच्या खाणी होत्या. शेल्डन गावाजवळची मॅगपाय खाण त्यांत विशेष परिचित आहे. तिचे पाणी काढण्यासाठी १८७३ ते १८८१ अशी आठ वर्षे खणलेला बोगदा वाय नदीला येऊन मिळतो आणि अजून वाहतो. या खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर शिशाचे प्रमाण इतके असते की बहुतेक वनस्पती तेथे तग धरत नाहीत. स्प्रिंग सँडवर्ट नावाची पांढऱ्या फुलांची छोटी वनस्पती मात्र धरते. त्यामुळे आता हे विषारी ढिगारेच दुर्मीळ वनस्पतींचे आश्रयस्थान म्हणून जपले जातात. प्रदूषण काढावे की जपावे, हा येथे खरा प्रश्न आहे. त्याचे सोपे उत्तर आमच्याजवळही नाही. पण 'उद्योग गेला, निसर्ग परतला' या दोन शब्दजोड्यांत तो बसत नाही, एवढे नक्की.

वाट जिथे संपते

आमचा मुख्य आक्षेप वाटेच्या पश्चिम टोकाशी आहे. मॉन्सल ट्रेल बक्स्टनपर्यंत पोचत नाही. त्याआधी काही किलोमीटर, ब्लॅकवेल मिलजवळ थांबते. का? कारण तेथून पुढचे रूळ निघालेलेच नाहीत. त्या रुळांवरून आजही दगडाच्या मालगाड्या जातात. जवळच टन्स्टेडची प्रचंड चुनखडक खाण चालू आहे. म्हणजे उद्योग जिथे मेला तिथवर वाट आहे, आणि तो जिवंत आहे तेथे वाट संपते.

हेच नकाशातही दिसते. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचे. त्यामागे चालणाऱ्यांची मोठी चळवळ होती. १९३२ मध्ये किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो लोक जमीनमालकांची मनाई मोडून गेले होते आणि काहींनी तुरुंगवासही भोगला. पण उद्यानाची सीमा पाहा. बक्स्टन आणि त्याच्या भोवतीच्या खाणींपाशी ती आत वळते आणि खाणींना बाहेर ठेवते. त्यात फसवणूक नाही. व्यवहारी निर्णय आहे. परंतु त्यामुळे प्रवाशाच्या मनात 'औद्योगिक भूतकाळ' हा शब्द पक्का बसतो, आणि तो चुकीचा आहे. हा भूतकाळ नाही. उद्यानाच्या सीमेच्या आतसुद्धा होप येथे १९२९ पासून सिमेंटचा कारखाना चालू आहे.

या मालगाड्यांचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. टन्स्टेडचा दगड अनेक दशके चेशायरमधील सोडा अ‍ॅशच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या कारखान्यांना जात असे. काच आणि साबणचुरा यांसाठी सोडा लागतो, आणि तो करण्याच्या सॉल्वे पद्धतीत मीठ व चुनखडक हा कच्चा माल. हे कारखाने चालवणारी ब्रनर माँड ही कंपनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या टाटा केमिकल्सने घेतली. त्यांतील लॉस्टॉक येथील सोडा अ‍ॅशचे उत्पादन २०२५ च्या आरंभी थांबले. तेव्हा 'तिकडचे खडक, तिकडचा इतिहास' असे म्हणून आपल्यालाही बाजूला होता येत नाही.

आणि ते ४४ किलो? त्यांची आता जगाला आठवण झाली आहे. माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के सिमेंट बनवताना जातो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नसून चुनखडकाच्या फोडीचा असतो. इंधन बदलून तो थांबत नाही. म्हणून या परिसरातील सिमेंट आणि चुन्याच्या कारखान्यांचा वायू पकडून नळाने आयरिश समुद्राखालच्या रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रात साठवण्याची योजना पुढे आली आहे. ती यशस्वी होवो वा न होवो, वाटेवरच्या भट्टीसमोर जो आकडा नाही, त्याच आकड्यासाठी शेजारी एवढी मोठी उलाढाल चालली आहे. हे जोडून दाखवणारा एक फलक भट्टीपाशी असता, तर ही वाट नुसती सुंदर न राहता शहाणी झाली असती.

वर्गासाठी

डर्बीशायरला जाणे आपल्या शाळांना शक्य नाही, पण ती दरी परीक्षानळीत आणता येते. चुन्याची निवळी घ्या आणि नळीने तीत हळूच श्वास सोडा (मुलांनी ती ओढू नये, एवढे पाहा). निवळी दुधाळ होते. हा कॅल्शियम कार्बोनेटचा साका. गिलावा धरतो तो असा. आपण बहुधा येथेच थांबतो. थांबू नका, फुंकत राहा. दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा नितळ होते, कारण जादा कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते. चुनखडकातल्या गुहा कोरल्या जातात त्या अशाच, आणि नदीने दरी खणली त्यातही हा वाटा आहे. मग हे पाणी उकळा, म्हणजे साका परत येतो. किटलीच्या तळाशी बसते ते पुट हेच. राहिली ती फक्त भट्टी; ती फळ्यावर १०० = ५६ + ४४ असे लिहून दाखवावी.

आणि सहलीसाठी लांब जायला नको. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुना मळण्याचा घाणा आहे : वर्तुळाकार दगडी चर आणि त्यात फिरणारे जड दगडी चाक. मुले त्यावर बसून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. त्यांना पाच मिनिटे तेथे थांबवावे. या काळ्या कातळाच्या मुलखात चुन्याचा दगड किंवा शिंपले कोठून आणले असतील? भट्टीला लाकूड कोणत्या रानातले? घाणा कोणी ओढला, आणि चुना मळणाऱ्यांच्या हातांचे काय झाले असेल? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळेलच असे नाही. पण वहीत दोन रकाने आखून एकात 'आत काय गेले' आणि दुसऱ्यात 'बाहेर काय आले' असे लिहायला लावले, तर दोन्ही बाजू जुळत नाहीत हे पाचवी-सहावीतल्या मुलालाही दिसते. रिकाम्या राहिलेल्या जागा मुलांनी मोजाव्यात आणि घरी जाऊन त्याबद्दल विचारावे.